शिशाच्या खोलीतली रेंज

सोमवार, ४

आले एकदाची. ट्रकवाल्याने सामान उतरवलं, घटाघटा पाणी प्यायला आणि जाताना म्हणाला, ताई, घर झकास मिळालंय, एकही पायरी नाही. त्याला काय ठाऊक, मी हे घर पायऱ्या मोजूनच घेतलंय. वीस वर्षं वॉर्डात माणसं उचलून उचलून माझ्या कण्यातली एक चकती सरकली ती सरकलीच. तेव्हापासून जिना दिसला की मी आधी त्याच्याशी बोलणी करते.

घर बैठं आहे. पुढे एक खोली आणि स्वयंपाकघर, मागे झोपायची खोली, आणि या सगळ्यांच्या मधोमध, फळात कोय असावी तशी, एक खोली जिला खिडकीच नाही. घरमालकीणबाई किल्ल्या देताना जरा चाचरतच म्हणाल्या की त्यांचे यजमान एक्स-रे काढायचे, हा त्यांचा दवाखाना होता आणि ती एक्स-रेची खोली. भिंतींत गिलाव्याखाली शिशाचे पत्रे आहेत, दारातही. दार ओढायला दोन्ही हात लागतात. पण एकदा लागलं की बाहेरून ट्रक धडधडत गेला तरी आत चाहूल नाही. बाईंना वाटलं मी नाक मुरडेन. मी उलट खूश झाले. माझी नोकरी आता फोनवरची आहे. ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या पेशंटांना दिवसातून चाळीसेक फोन करायचे, टाके कसे आहेत, ताप आहे का, गोळ्या वेळेवर घेताय ना. त्याला शांतता लागते. टेबल तिथेच लावलं.

बाबांना पोचल्याचं कळवायचं राहिलं. फोनला रेंज दिसत नाहीये, उद्या बघू. ते दीड तासावरच्या गावात एकटे राहतात. दिवसभर एक मावशी येऊन त्यांचं सगळं करतात. दादा परदेशात. म्हणजे बाबांचं जे काही आहे ते मीच.

पाठ दुखतेय, पण मन हलकं आहे. आज चहा स्वतःच्या घरात, स्वतःच्या कपात, खाली बसून प्यायले.

गुरुवार, ७

रेंज. दुसरा विषय नाही.

या घरात रेंज येते ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, आणि तीही मान बाहेर काढली तर. एक काडी. मधल्या खोलीत तर फोन म्हणजे नुसतं घड्याळ. तीन दिवस मी अशीच मान बाहेर काढून काम करतेय. समोरच्या दुकानातला टेलर ते रोज बघतो. आज त्याने विचारलं, ताई, कुणाशी भांडताय एवढं? म्हटलं, भांडत नाही हो, एका आजोबांना पोट साफ झालं का ते विचारतेय. तो बिचारा मशीनवर असा वाकला की संध्याकाळपर्यंत वर बघितलं नाही.

हसायला ठीक आहे. पण कालचे आठ फोन अर्ध्यात तुटले. मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, गोड आवाजात म्हणाल्या की आठवड्याभरात काहीतरी सोय कर, नाहीतर तुला परत वॉर्डात घ्यावं लागेल. वॉर्ड म्हणजे उचलणं. या पाठीने मी आता उशीसुद्धा दोनदा विचार करून उचलते.

आणि बाबा. काल त्यांचे चौदा मिस्ड कॉल. फोन केल्याचं विसरतात आणि पुन्हा करतात. उचलला की एकच प्रश्न, ठकू, तू कधी येणार? मी सांगते रविवारी. ते म्हणतात बरं. पाच मिनिटांनी पुन्हा, ठकू, तू कधी येणार?

ही वही दुसरं कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. ते चौदा मिस्ड कॉल बघून मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं.

मंगळवार, १२

बूस्टर बसला.

बूस्टरवाला सकाळी नऊला शिडी घेऊन आला. बोलका माणूस, कानामागे पेन्सिल. मधल्या खोलीच्या भिंतीवर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, बाई, ही खोली नाही, तिजोरी आहे. मग काम करता करता सगळं समजावून सांगितलं. हे यंत्र रेंज तयार करत नाही. छतावर अँटेना बसवायची, तिथे जी थोडीफार रेंज येते ती वायरीतून खाली आणायची, या डब्यात मोठी करायची आणि आतल्या छोट्या अँटेनातून खोलीत सोडायची. आणि उलटंही तेच. खोलीतून जे बारीकसं निघेल ते मोठं करून बाहेर टॉवरपर्यंत पोचवायचं. लोक विसरतात, म्हणाला, की हे दोन्हीकडून चालतं.

डबा त्याने दाराबाहेर, बोळातल्या भिंतीवर लावला. वायर चौकटीतल्या एका जुन्या भोकातून आत नेली. डब्यावरचा दिवा हिरवा झाला आणि माझ्या फोनवर पाच काड्या उभ्या राहिल्या. इतक्या काड्या मी या घरात आल्यापासून एकत्र बघितल्या नव्हत्या. तपासणी म्हणून तो रस्त्यावर गेला आणि तिथून माझा नंबर लावला. मी नेमकी त्याच्यासाठी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले होते, फोन आत टेबलावर. ग्लास घेऊन येते तो हा दारात हजर. एकदम स्वच्छ आवाज, म्हणाला, शेजारी बसून बोलल्यासारखा. मी म्हटलं, अहो, मी उचललाच नाही. तो हसला. मग "बोला ना, ऐकतेय मी" असं कोण म्हणालं?

उचलला असेन. दमलं की माणूस काय करतो ते त्याचं त्यालाच कळत नाही.

शुक्रवार, १५

आता सगळे फोन लागतात. हेच ते दुःख.

आज पेशंटांचे बेचाळीस. मी त्यांना नावाने नाही, ऑपरेशनने लक्षात ठेवते. पित्ताशयवाल्या काकू सुनेबद्दल वीस मिनिटं बोलल्या. हर्नियाचे आजोबा मला विचारत होते की खोकू का नको. गुडघेवाल्या बाई रडल्या. आणि मधेमधे बाबा. मोजले नाहीत, फोनच मोजतो. तेवीस.

एकोणिसाव्याला मी ओरडले. बाबा, आत्ताच सांगितलं ना! ते बारीक आवाजात म्हणाले, बरं, ठेवतो हं. चार मिनिटांनी पुन्हा फोन. माझं ओरडणं विसरले होते. पण आवाजातली भीती तशीच होती, कशाची ते त्यांनाही आठवत नव्हतं.

जेवले नाही. ब्रेडचे दोन तुकडे उभ्यानेच खाल्ले.

बुधवार, २०

आज विचित्र झालं.

दुपारी दोनला पाठ इतकी ठणकली की गोळी घेतली आणि पाच मिनिटं आडवं व्हावं म्हणून झोपायच्या खोलीत गेले. फोन मधल्या खोलीत चार्जिंगला. जाग आली ती थेट पाच वाजता. तीन तास. बाबांचे किमान दहा, पेशंटांचे वेगळे, आणि मोठ्या सिस्टर.

धावत गेले. एकही मिस्ड कॉल नाही.

यादी उघडली. एकोणीस फोन, सगळे उचललेले. बाबांचा एक सत्तेचाळीस मिनिटांचा. माझं बाबांशी शेवटचं सत्तेचाळीस मिनिटं बोलणं आई होती तेव्हाचं असेल.

मावशींना फोन लावला. त्या खुशीत. म्हणाल्या, आज काय जादू केलीत? दुपारभर हसत होते, दोनदा जेवण मागून घेतलं, सांगत होते ठकूला सगळं आठवतं, सगळं.

झोपेत उचलले असतील मी. रात्रपाळीच्या दिवसांत एकदा झोपेतच सलाईन बदललं होतं, तेही बरोबर. हात आपलं काम करत राहतात. तसंच तोंडाचं झालं असेल.

तीन तास झोपले मी. सलग. किती महिन्यांनी.

रविवार, २४

आता खोटं लिहायचं नाही, निदान इथे तरी.

गुरुवारी मी मुद्दाम फोन आत ठेवून बाहेर आले. शुक्रवारी फोन ठेवून दार ओढून घेतलं. काल तर सकाळीच. शिशाच्या दारापलीकडून काही ऐकू येत नाही आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. कपडे धुतले. केस धुतले. अंगणातल्या खुर्चीवर नुसती बसले, हातात काही नाही, कानाला काही नाही. टेलरने हात केला, मीही केला.

संध्याकाळी दार उघडते तेव्हा फोन गरम असतो. दिवसभराची कामं झालेली असतात. पेशंटांच्या तक्त्यातसुद्धा सगळं भरलेलं असतं, ताप, टाके, गोळ्या, माझ्यापेक्षा नीट.

आज बाबांकडे जायचा वार होता. सकाळी मावशींचा फोन आला, तो मात्र मीच उचलला. म्हणाल्या, नाही आलात तरी चालेल हो, तुम्ही रोज एवढं बोलता, ते अगदी मजेत आहेत. मी म्हटलं बरं. आणि परत जाऊन झोपले.

कोण बोलतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाहीये. विचारला तर उत्तर येईल.

गुरुवार, २८

मोठ्या सिस्टरनी कौतुक केलं. माझी तीन रेकॉर्डिंगं नव्या मुलींना ऐकवायला काढलीत, मलाही पाठवली. स्वयंपाकघरात, खिडकीशी, कानात घालून ऐकली.

आवाज माझाच. ‘र’ म्हणताना जीभ जराशी अडते, तेही तसंच. पण मी प्रत्येक वाक्यानंतर उसासा टाकते, मला माहीत आहे, दादा त्यावरून चिडवतो. हिला उसासा नाही. पुन्हा ऐकलं. मग कळलं. श्वासच नाही. अकरा मिनिटांचा फोन आणि एकदाही श्वास घेतल्याचं ऐकू येत नाही.

वावगं एक अक्षर नाही. उलट इतकं प्रेमाने मी कुणाशी बोललेच नसेन. फक्त शेवटी तिन्ही पेशंटांना तिने एकच विचारलंय. दुपारी घरी कोण असतं? हाक मारली तर कुणाला ऐकू जाते का?

काकू म्हणतात, सून कामाला जाते, कोण ऐकणार. त्यावर ती म्हणते, मला माहितीये. मग मला हाक मारा.

शनिवार, ३०

घरमालकीणबाईंकडे गेले. मागच्याच रस्त्यावर राहतात. आडवळणाने विचारायचं ठरवलं होतं, पण त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि स्वतःच खाली बसल्या.

त्यांची मोठी बहीण. डॉक्टर गेल्यावर दवाखाना बंद झाला आणि ती बहीण अंथरुणाला खिळलेली, तिला त्या खोलीत ठेवलं. नऊ वर्षं. दिवसभर हाका मारायची, म्हणाल्या. पाणी दे, कूस बदल, कुणीतरी बोला माझ्याशी. जवळ गेलं की काही नको असायचं, नुसतं बस म्हणायची. मी तरी किती बसणार? मग मी दार लावून घ्यायला लागले. एकदा दार लागलं की बाहेर काही येत नसे. म्हणून तर मला झोप लागायची.

हे शेवटचं त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. भाजी आणली म्हणावं तसं. गेली कधी ते त्यांना कळलंच नाही, संध्याकाळी दार उघडलं तेव्हा कळलं.

मला त्यांचा राग यायला हवा होता. नाही आला. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. दार ओढून ओढून तळव्यांना घट्टे पडले होते.

घरी येऊन बूस्टरचा प्लग काढला. दिवा विझला.

रविवार, ३१

फार दमलेय. थोडक्यात लिहिते.

दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. बाबांचे दोनच फोन लागले, दोन्ही तुटले. दुपारी मावशींचा लागला. बाबा भर उन्हात बसस्टॉपवर सापडले. अनवाणी. फोन कानाला, पलीकडे कुणी नाही, आणि हे म्हणतायत, ठकू, बोल ना, बोल ना. तळपायांना फोड आलेत.

मग दादाचा फोन. तिथून, इतक्या लांबून, तो मला ओरडला. एवढंच तर काम आहे तुझं, म्हणाला, फोन उचलायचा. गेले दहा दिवस किती छान चाललं होतं तुझं.

माझं.

सहा वाजता मी फोन आत टेबलावर ठेवला, बाहेर आले, दार ओढलं आणि प्लग लावला. दिवा हिरवा झाला. दाराला कान लावून उभी राहिले. काहीच ऐकू आलं नाही. शिसं.

सातला मावशींचा निरोप. बाबा शांत आहेत. फोनवर बोलतायत.

मंगळवार, २

सकाळी फाटकात पित्ताशयवाल्या काकू उभ्या होत्या. त्यांना मी कधी बघितलं नव्हतं. गाऊनवर स्वेटर, हातात कपड्यांची पिशवी, पोटातली नळी अजून तशीच, तिची बाटली दुसऱ्या हातात धरलेली, मुलाचा हात धरावा तशी. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. तुम्हीच म्हणालात ना या म्हणून, जागा आहे म्हणून?

त्यांना टॅक्सीत बसवलं, सुनेला कळवलं. जाताना त्या मागे वळून घराकडे बघत होत्या. माझ्याकडे नाही. घराकडे.

अकरा वाजता गुडघेवाल्या बाई आल्या, वॉकर घेऊन. पूर्ण रस्ताभर चालत.

त्यांनाही परत पाठवलं आणि मी मधल्या खोलीत गेले. दार उघडं ठेवलं. रिकामी खुर्ची होती, तिच्याशी बोलले. वेड लागल्यासारखं, पण आवाज न चढवता. म्हटलं, पेशंट माझे आहेत. त्यांचे टाके ताजे आहेत, ते चालत आले तर मरतील. त्यांना बोलवायचं नाही, त्यांना हात लावायचा नाही. त्यांचं मी करीन.

मग म्हटलं, बाबा तू घे.

म्हणजे, बाबांचे फोन. बाबांचे फोन तू घे, असं म्हणायचं होतं.

बुधवार, ३

शांत.

फोन घेऊन टेलरच्या दुकानात बसले. तिथे दोन काड्या येतात. पेशंटांचे सगळे फोन मी केले, माझ्या उसाशांसकट. मशीनची खडखड मागे. टेलरने न विचारता चहा मागवला.

बाबांचा एकही फोन नाही. एकही. चारला मीच मावशींना लावला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, आत्ता नको हो, ते सकाळपासून तुमच्याशीच बोलतायत ना.

फोन माझ्या हातात आहे, मावशी.

त्यांना ते कळलं नाही. मी फोन ठेवला.

उद्या पहिल्या बसने जाते. त्यांना इथे नाही, दुसरीकडे कुठेतरी, कुठेही—

गुरुवार, ४. बसमध्ये

हात हलतोय, अक्षर वाचता येईल की नाही.

बाबांच्या घराला कुलूप. मावशी शेजारच्या ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, काय हो, चुकामूक झाली का? तुम्हीच सकाळी फोन केलात, टॅक्सी पाठवते म्हणालात, कपडे भरून द्या म्हणालात. दादांशीही बोललात ना, तेही खूश होते. मी त्यांना शर्ट घातला, दाढी केली. किती आनंदात गेले हो.

टॅक्सी जाऊन तास झाला.

दादाला लावला. एंगेज. पुन्हा. एंगेज. टॅक्सीचा नंबर मावशींनी घेतला नव्हता. बाबांचा फोन एंगेज, एंगेज, एंगेज, मग अचानक लागला. बाबा! मी ओरडले, बाबा, गाडी थांबवा, उतरा, मी येतेय, मी ठकू.

मागे गाडीचा आवाज होता. मग अगदी सभ्यपणे म्हणाले, बाई, तुमचा नंबर चुकलाय. माझी मुलगी असं नाही बोलत.

आणि कुणाला तरी म्हणाले, कुणी नाही गं. तू बोल.

अजून पन्नास मिनिटं. बस प्रत्येक थांब्यावर—

घरी. दुपार

फाटक उघडं. पुढचं दार उघडं. बाबांच्या चपला बाहेर नीट लावलेल्या.

मधलं दार बंद. आतून कडी आहे. आतून कडी आहे हे मला माहीतच नव्हतं. हाका मारल्या. थापा मारल्या, लाथा मारल्या, पाठीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. शिशावर हाताचा आवाजसुद्धा होत नाही.

टेलरकडे धावले. तो आला, दाराला खांदा लावला, हललं नाही. पहार आणतो म्हणाला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्याचं दुकान दिसतं. तो पहार घेऊन निघाला, एवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने कानाला लावला. ऐकलं. मान डोलावली. हसला. माझ्याकडे बघून, काळजी नको असा हात केला. पहार कोपऱ्यात ठेवली आणि मशीनवर बसला.

मी इथून ओरडतेय. तो हसून मान डोलावतोय.

कुलूपवाल्याला फोन केला, येतो म्हणाला. दहा मिनिटांनी पुन्हा केला. म्हणाला, ताई, तुम्हीच तर नको म्हणालात.

प्लग काढला—

दिवा विझला. आता आत कुणाचाच फोन जाणार नाही. पण बाबाही मला ऐकू येणार नाहीत. हिरवा दिवा होता तोवर निदान ते कुणाशी तरी बोलत होते. आता आत अंधार आहे, ते आहेत, आणि—

त्यांना अंधाराची भीती वाटते. आता आतून हाका मारत असतील. आणि मी बाहेर. काहीच ऐकू येत नाही. काहीच.

प्लग लावला. लावावाच लागला.

बाबांचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला. माझा आवाज. बाबा झोपलेत, म्हणाली, खूप दिवसांनी शांत झोपलेत, उठवू नकोस.

मी म्हटलं, त्यांना सोड. रडत होते मी. म्हटलं मी बोलेन त्यांच्याशी, रोज बोलेन, शंभर वेळा विचारलं तरी सांगेन.

तिने सगळं ऐकून घेतलं. मधे बोलली नाही. इतकं नीट माझं कुणी कधी—

मग म्हणाली, दमलीस ना गं.

हो.

उभी का? पाठ दुखत असेल.

कडी काढल्याचा आवाज झाला. एवढ्या जड दाराचा काही आवाज झाला नाही. बोटभर फट. आत उजेड नाही. बाबांचं घोरणं ऐकू येतंय, हळू, अगदी हळू. त्यांचंच आहे. मी ओळखते.

आत जाऊन त्यांना उठवायचं आणि बाहेर. बस. एवढंच. वही इथे उंबऱ्याशी ठेवते, कुणाला सापडली तर प्लग—

ती म्हणतेय, आधी जरा टेक. मग उठव.

नाही टेकणार. फक्त पाठ. एक मिनिट पाठ, मग बाबांना घेऊन मी